आधी राऊटर हलवा, मग कनवटीला हात घाला

कुणी दुपारचं आटोपून ओसरीवर बसून ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागं फिरता फिरता ऐकत असाल.

आज बोलायचंय ते घरातल्या इंटरनेटबद्दल, म्हणजे आपण ज्याला सरळ वायफाय म्हणतो त्याबद्दल. गटांच्या बैठकांना फिरताना गेली दोन-तीन वर्षं एक तक्रार सारखी कानावर येते. "ताई, घरात वायफाय घेतलंय, दर महिन्याला पैसे भरतोय, पण माझ्या फोनवर काही चालत नाही." मग कुणी सांगतं मोठा प्लॅन घ्या, कुणी सांगतं चार काड्यांचा नवा राऊटर आणा. पैसे जातात आणि सैपाकघरात चाक गरगर फिरतच राहतं.

हा विषय पुरुषांचा किंवा पोरांचा आहे असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गटाच्या नोंदी आता लोकोस अ‍ॅपवर चढवाव्या लागतात. हप्ता फोनवरून भरला जातो. लेकीचा अभ्यास फोनवर, शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर. म्हणजे घरातल्या नेटची सगळ्यांत जास्त गरज बऱ्याचदा आपल्यालाच असते. पण राऊटर कुठं असतो? पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. लाइनमन जोडणी द्यायला आला तेव्हा घरात जो माणूस होता त्यानं जिथं बोट दाखवलं तिथं खिळा ठोकला गेला. आपण बसतो मागं, सैपाकघरात नाहीतर पडवीत. तिथं नेट पोचत नाही. मग बाई रात्री नऊ वाजता अंगणात उभी राहून स्वतःच्या फोनच्या रिचार्जवर गटाच्या नोंदी चढवते. म्हणजे एकाच घरातून नेटचे पैसे दोनदा जातात, आणि दुसऱ्यांदा जातात ते तिच्या पदरचे.

यावर उपाय आहे आणि तो फार महाग नाही. फक्त क्रम नीट धरायचा. आधी दुखणं शोधायचं, मग फुकटचे उपाय करायचे, मग थोड्या पैशांचे, आणि मोठा खर्च सगळ्यांत शेवटी.

पाण्याच्या लाइनीचा विचार करा. गावच्या टाकीतून तुमच्या दारापर्यंत पाइप येतो. तिथून घरातल्या टाकीत पाणी पडतं. टाकीतून नळीनं सैपाकघरात येतं. सैपाकघरातला नळ बारीक चालत असेल, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो. गावचीच लाइन कमी दाबानं चालते, किंवा टाकी खराब, किंवा घरातली नळी चेपलेली. नळी चेपलेली असताना पंचायतीला जादा पाणीपट्टी भरली तर काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नेटचंही तसंच आहे. कंपनीची वायर दारापर्यंत येते, राऊटर ते नेट घेतो, आणि राऊटरपासून फोनपर्यंत ते हवेतून येतं. आपल्या घरांत बहुतेक वेळा घोळ असतो तो या शेवटच्या तुकड्यात.

घोळ कुठं आहे हे शोधायला पैसे लागत नाहीत. एक कागद घ्या, त्यावर घराचा ढोबळ नकाशा काढा. ओसरी, माजघर, सैपाकघर, पडवी. राऊटर कुठं आहे तिथं फुली मारा. मग फोनमधला मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा, आणि इंटरनेटवर 'स्पीड टेस्ट' असं शोधून वेग मोजा. पहिल्यांदा राऊटरपासून दोन पावलांवर उभं राहून मोजा. त्या वेळी बाकीचे फोन आणि टीव्ही बंद असू द्या. नंतर प्रत्येक खोलीत जाऊन मोजा आणि येईल तो आकडा त्या त्या खोलीत लिहा. हेच एकदा सकाळी करा आणि एकदा रात्री आठ-साडेआठला करा, कारण त्या वेळी सगळं गाव नेट वापरत असतं.

आकडा एमबीपीएसमध्ये येतो. त्याचा अर्थ सांगते. आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायचं तर कमीत कमी २ एमबीपीएस वेग असावा, असं सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं. त्याआधी तो अर्धा एमबीपीएस होता. फोनवर एक वर्ग बघायचा किंवा व्हिडिओ कॉल करायचा तर २-३ एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर स्वच्छ चित्र हवं तर ५ धरा. पैसे पाठवायला आणि नोंदी चढवायला तर फारच थोडं लागतं, पण ते मध्येच तुटता कामा नये. म्हणजे तीन फोन आणि एक टीव्ही असलेल्या घराला १५ ते २० एमबीपीएस खरोखर पोचले तरी भरपूर झाले. आणखी एक गोष्ट. प्लॅनवर ३० एमबीपीएस लिहिलेलं असतं, पण फाइल उतरवताना फोन तीन-साडेतीन एमबी एवढंच दाखवतो. त्यात फसवणूक नाही. एक मोजमाप बिटचं आहे आणि दुसरं बाइटचं. आठ बिटचा एक बाइट होतो, म्हणून आठनं भागायचं.

आता कागद वाचा. राऊटरजवळ आकडा चांगला आणि सैपाकघरात वाईट, तर दोष घरातला. कंपनी बदलून किंवा प्लॅन वाढवून उपयोग होणार नाही. राऊटरजवळच आकडा वाईट, तर दोष लाइनीचा किंवा राऊटरचा. सकाळी चांगला आणि रात्री राऊटरजवळसुद्धा वाईट, तर कंपनीनं एका लाइनीवर फार घरं जोडली असण्याची शक्यता जास्त. असं असेल तर नवीन काही विकत घेऊ नका, तक्रार करा. तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वहीत लिहा. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीनं समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे. 'नेट चालत नाही' एवढं सांगण्यापेक्षा 'राऊटरजवळ सकाळी तीस आणि रात्री दोन मिळतात' असं तारखेनिशी सांगितलं, की समोरचा माणूस टाळाटाळ करायला कचरतो.

आमच्या प्रभागातल्या एका घराचा कागद सांगते. घर जुनं, एकामागं एक चार खण, भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट जाड. राऊटर ओसरीत, टीव्हीच्या मागं. तिथं ३८ आले. माजघरात १२. सैपाकघरात २. पडवीत काहीच नाही. त्या घरात मोठ्या प्लॅनची बोलणी चालली होती. हिशोब करून बघा. समजा ३९९ चा प्लॅन आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातात ४७१ ला पडतो. ५९९ चा घेतला तर ७०७. महिन्याला २३६ जास्त, वर्षाला २,८३२ रुपये. एवढे पैसे दर वर्षी जाणार आणि सैपाकघरातले दोन काही वीस होणार नाहीत, कारण मधली भिंत तीच राहणार.

मग फुकटचे उपाय कोणते? पहिला उपाय राऊटरची जागा. वायफायच्या लहरींना पातळ विटांची भिंत चालते. जाड दगडी भिंत त्यांना दमवते. पत्रा, लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी, फ्रिज हे धातूचे असल्यामुळं लहरी अडवतात. पाण्याचा पिंपही अडवतो. म्हणून राऊटर टीव्हीमागं, कपाटात किंवा जमिनीवर ठेवायचा नाही. घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवायचा. माजघराच्या दाराच्या वरची जागा उत्तम, कारण दार म्हणजे भिंतीतलं भोक, तिथून लहरी दोन्हीकडं जातात. राऊटरच्या काड्या उभ्या ठेवल्या की लहरी आडव्या पसरतात. माडी असेल तर एक काडी आडवी करा.

इथं जपून. फायबरची वायर आत काचेची असते. ती ओढू नका, घडी घालू नका, कापून जोडायला जाऊ नका. तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. वायर पुरत नसेल तर लाइनमनला बोलवा, तो नवा तुकडा ओढून देईल. राऊटरवर 'लॉस' असं लिहिलेला लाल दिवा लागला, तर वायरमधून उजेडच येत नाही असं समजा. तेव्हा राऊटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, फोन लावावा.

आता खरी अडचण. राऊटर हलवायचा म्हटलं की घरात कुणीतरी म्हणणार, "टीव्हीचं काय?" भांडण करू नका, कागद पुढं ठेवा. आणि सांगा की टीव्ही जागचा हलवायचा नाही. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना मागं लॅन केबलचं भोक असतं. राऊटरपासून टीव्हीपर्यंत केबल टाकली, की टीव्ही आधीपेक्षा चांगला चालतो आणि हवेतली जागा फोनसाठी मोकळी होते. त्या घरात असंच झालं. सासऱ्यांच्या बातम्या अडकायच्या थांबल्या आणि राऊटर माजघराच्या चौकटीवर गेला. सैपाकघरात १८ यायला लागले. पडवीत ६. केबलचे काय ते दोन-अडीचशे रुपये गेले.

दुसरा फुकटचा उपाय फोनमध्ये आहे. नव्या राऊटरची दोन नावं फोनमध्ये दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं. याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. हे दोन पट्टे आहेत. साधा पट्टा लांब जातो आणि भिंत त्यातल्या त्यात पार करतो, पण वेग कमी. दुसरा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढं हात टेकतो. राऊटरच्या खोलीत बसणाऱ्यांनी ५जी लावावं, लांबच्या खोलीत साधं लावावं. तुमच्या राऊटरला एकच पट्टा असेल, तर हवेतून फोनला बहुधा तीस-चाळीसच्या वर मिळत नाही. अशा राऊटरवर शंभरचा प्लॅन घेणं म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीला पाच हजार लिटरची टाकी जोडणं.

आता थोड्या पैशांचे उपाय. राऊटर हलवूनही मागच्या खोलीत नेट पोचत नसेल, तर केबल टाका. हवेतून जे भिंतीपाशी अडतं ते केबलमधून सरळ जातं. दुकानात 'कॅट सिक्स' केबल मागा. ती शंभर मीटरपर्यंत चांगली चालते, आपल्या घराला तेवढी लागतच नाही. साधारण १५ ते २५ रुपये मीटर भाव असतो. म्हणजे १५ मीटरला सव्वादोनशे ते पावणेचारशे रुपये. केबल शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातल्या केबलमध्ये आत अ‍ॅल्युमिनिअम असतं आणि वरून तांब्याचा मुलामा. ती लवकर तुटते. तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर घेऊ नका. उंदीर आणि ऊन या दोघांपासून वाचवायला ती प्लास्टिकच्या पाइपातून न्या. टोकाला कनेक्टर बसवायला एक पक्कड लागते, तिला क्रिम्पिंगची पक्कड म्हणतात. ती एकटीनं घेऊ नका, गटात एक असली तरी पुरे. ज्वारीच्या कणग्यांसारखी घरटी एक लागते अशी ती वस्तू नाही.

केबलच्या दुसऱ्या टोकाला दुसरा राऊटर लावायचा. घरात किंवा नात्यात कुणाकडं तरी जुना पडून असतो. तो चालतो. केबल त्याच्या लॅनच्या भोकात घालायची. त्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तो निवडायचा. नसेल तर त्याचा पत्ता बदलायचा आणि 'डीएचसीपी' बंद करायचं, कारण घरात फोनना नंबर वाटणारा कारभारी एकच असावा, दोन झाले की गोंधळ होतो. कॉलेजात जाणारी मुलगी हे अर्ध्या तासात करते. तिच्या शेजारी बसून बघा. दोन्ही राऊटरना तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, की घरात फिरताना फोन आपोआप जवळचा राऊटर धरतो.

बाजारात एक छोटं यंत्र मिळतं, भिंतीच्या प्लगात लावायचं. त्याला रिपीटर किंवा एक्स्टेंडर म्हणतात. दुकानदार आधी तेच पुढं करतो, कारण केबल टाकायची कटकट नसते. ते हवेतून घेतं आणि हवेतूनच पुढं देतं, त्यामुळं साध्या यंत्रात वेग निम्मा होतो. आणि ते बसवायचं तर जिथं नेट चांगलं येतंय तिथं, निम्म्या वाटेवर. जिथं नेटच नाही तिथं लावलं, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? केबल टाकणं अगदीच अशक्य असेल तरच ते घ्या.

दुसरा खर्च लाइट जाते त्यासाठी. लोडशेडिंगमध्ये राऊटर बंद पडला की सगळं थांबतं. फायबरच्या लाइनीत काचेतून उजेड येत असतो, त्यामुळं गावात लाइट नसतानाही, पुढं कंपनीच्या यंत्राला बॅटरी असेल तर, नेट चालू राहू शकतं. फक्त आपल्या राऊटरला वीज हवी. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार ते दीड हजाराच्या आसपास. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, काहींवर ९ किंवा ५. व्होल्ट तेवढेच पाहिजेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. चुकीचा लावला तर राऊटर जळतो.

वीज कडाडते तेव्हा मात्र उलटं करायचं. अडॅप्टर प्लगातून काढायचा आणि बाहेरून आलेली लॅन केबलही काढून ठेवायची. तांब्याची केबल झाडावरून, पत्र्यावरून, या घरातून त्या घरात ओढू नका. जवळ वीज पडली तर तिचा झटका त्या केबलमधून घरात येतो.

जिथं अजून फायबर पोचलं नाही अशा वाड्या-वस्त्यांवरच्या मैत्रिणींसाठी. सिमकार्ड घालायचा राऊटर मिळतो. घेण्याआधी घरात आणि पडवीत फिरून, गच्ची असेल तर तिथं जाऊन, कोणत्या कंपनीचं नेट कुठं चांगलं येतं ते त्याच कागदावर मोजा. शेजारणीच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर तिलाही बोलवा. टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, उंचावर ठेवला तर तोच राऊटर कितीतरी चांगला चालतो. आणि पंचायतीत चौकशी करा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढं तिला भारतनेट नाव मिळालं. आपल्या पंचायतीत ती वायर आली आहे का, चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता सुरक्षेचं. राऊटरवर चिकटवलेला पासवर्ड तसाच ठेवू नका, बदला. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा वेगळा पासवर्ड असतो, तो बऱ्याचदा 'अ‍ॅडमिन' असतो, तोही बदला. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए टू' किंवा त्यावरचा असावा. गल्लीतल्या सगळ्या पोरांना पासवर्ड वाटला तर आपला वेग जातो आणि कुणी काही भलतंसलतं केलं तर विचारपूस आपल्या दारात येते. नेट सुधारलं की फोनवर व्यवहार वाढतात, म्हणून ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे पुन्हा सांगते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आणि एक काम राहिलं. जोडणीला कुणाचा मोबाइल नंबर दिलाय ते बघा. तक्रारीचा संदेश आणि बिल त्या नंबरावर येतं. घरधनी कामाला बाहेरगावी असेल आणि नंबर त्याचा असेल, तर घरात नेट बंद पडलं तरी तुम्हाला तक्रार करता येत नाही. दुसरा नंबर म्हणून तुमचा देता येतो का विचारा. पासवर्ड, तक्रारीचा नंबर, बिलाची तारीख हे सगळं तुमच्या वहीत असलं पाहिजे. गॅसचा नंबर जसा तुम्हाला पाठ असतो तसंच.

आता पुढच्या बैठकीचं काम. प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद आणायचा, खोल्या आणि आकडे लिहून. बचत, कर्जवसुली झाली की पंधरा मिनिटं ते कागद बघायचे. कुणाचा दोष लाइनीचा आणि कुणाचा घरातला ते वेगळं करायचं. एकाच कंपनीच्या लाइनीची तक्रार पाच-सहा घरांची निघाली, तर सगळ्यांनी एकाच दिवशी तक्रार नोंदवायची आणि क्रमांक गटाच्या वहीत लिहायचे. ज्यांचा दोष घरातला आहे त्यांनी आधी राऊटर हलवायचा आणि पुन्हा मोजायचं. त्यानंतरही गरज राहिली तरच केबलसाठी पैसे काढायचे. यासाठी गटातून कर्ज घेऊ नका, एवढा खर्च दोन महिन्यांच्या वाचलेल्या रिचार्जमधून निघतो.

नवीन जोडणी घेणार असाल तर काम आणखी सोपं आहे. लाइनमन येईल त्या दिवशी घरी थांबा. तो विचारेल, "राऊटर कुठं लावू?" कुणी पुढच्या खोलीकडं बोट दाखवायच्या आत तुम्ही सांगा, "माजघराच्या दारावर लावा."